कापसाच्या खोलीतला खुनी

आमच्या घरचा टीव्ही ओसरीत आला तो कापसामुळे. त्या साली वेचणी लवकर उरकली आणि समोरची मोठी खोली माणूस बुडेल इतकी भरली. एरवी तिथे दिवाण असतो, टीव्ही असतो आणि भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो असतो. फोटो काढायचा राहून गेला, त्यामुळे मी त्यात खांद्यापर्यंत कापसात बुडालेली दिसायचे. खुर्चीत बसलेल्या घरधन्यांचा तेवढा फेटा वर उरला होता.

आमचं गाव मारेगाव तालुक्यातलं. इथे घरात कापूस असणं ही काही सांगायची गोष्ट नाही. माझं माहेर मात्र उमरखेडकडचं, ऊस आणि हळदीचं. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मला जे कळलं ते इथल्या कोणाला कळून घ्यावंसं वाटत नव्हतं, की साठवलेला कापूस माणसाला चावतो. दिसत काही नाही, पण मानेवर, कोपरात, पोटावर बारीक पुरळ उठतं आणि माणूस खाजवत सुटतो. सगळं गाव हिवाळाभर खाजवतं आणि कोणी कापसाचं नाव काढत नाही. त्याला इथे 'उष्णता' म्हणतात. थंडीच्या दिवसांत अंगावर गोधडी घेऊन माणसं उष्णतेची तक्रार करतात.

माझ्या सासऱ्यांनी होळीच्या आधी कापूस कधी विकला नाही. घरधन्यांनीही विकला नाही. भाव काय आहे हा प्रश्न नंतरचा, आधी होळी. ही रीत मी पुष्कळ वर्षं खाजवत सोसली. पण त्या वर्षी घरात नात होती, नुकती रांगायला लागलेली. तिला 'इकडे जाऊ नको' कळत नाही. ती दाराच्या फटीतून बाहेर आलेला कापूस ओढायची, तोंडात घालायची, त्यात लोळायची. आठवड्याभरात तिची मान लाल झाली, मग कोपरं, मग पोट. रात्रभर रडायची. मारेगावच्या डॉक्टरनं तिला नीट पाहण्याआधीच विचारलं, घरात कापूस ठेवलाय का? गुलाबी औषध लावायला दिलं आणि सांगितलं, कापूस हलवा नाहीतर पोरीला हलवा.

हे ऐकून घरधनी म्हणाले, "डॉक्टरले काय समजते? पोट्टीच्या अंगात उष्णता हाये. कडुनिंबाच्या पाल्यानं आंघोळ घाला."

सून झरी जामणीकडची आहे. तिथली माणसं थोडं बोलतात आणि बोललेलं करतात. तिनं पोरीचे कपडे पिशवीत भरले आणि मला म्हणाली, "आई, मी भांडून नाही चालली. पन कापूस घरात हाये तोवर पोरीले अठी ठेवत नाही." मुलगा तिला सोडून आला आणि दर रविवारी तिकडे जाऊ लागला. बापाशी तो एक शब्द बोलला नाही, कारण आमच्या घरात बापाशी बोलायचं काम माझ्याकडे आहे.

मी बोलले. भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, वरणात मीठ टाकलं नाही. ते सगळं गिळून हे म्हणायचे, "होयीले किती दिवस राह्यले?" मला नातीची आठवण यायची, सरळ सांगते. सकाळी उठल्यावर तिच्या रांगण्याची चटचट ऐकू आली नाही की घर मला खायला उठायचं. यांनाही येत असेल, पण हे आठवणसुद्धा कापसासारखी साठवून ठेवणारे.

आता मालिकेचं सांगते.

त्याच हिवाळ्यात टीव्हीवर एक खुनाची मालिका सुरू झाली. दिवेलागणीनंतर लागायची. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मालकाचा खून होतो. खुनी गोदामात कापसाच्या ढिगात रात्रभर दडून बसलेला असतो, मालक पहाटे कुलूप उघडायला येतो आणि तिथेच संपतो. संशय पाच-सहा जणांवर. धाकटा भाऊ, दुसरी बायको, म्हातारा मुनीम, घरचा डॉक्टर. मालिकेत कापूस दिसला म्हटल्यावर आमच्याकडे ती घरचीच वाटू लागली. आणि टीव्ही ओसरीत असल्यामुळे बघायला येणाऱ्याला चपला काढण्याचंसुद्धा बंधन राहिलं नाही.

रोज येणारे दोघंच. एक शेजारची माझी चुलतजाऊ. दुसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बौद्ध वस्तीतले. ते आले की 'जय भीम' घालून खांबाला टेकलेली खुर्ची घ्यायचे आणि आम्ही बाकीचे काय म्हणतो ते आधी ऐकून घ्यायचे. भाग संपला की टीव्ही बंद, चहा चालू आणि खटला आमच्या ओसरीत उभा.

कंडक्टरांचा संशय धाकट्या भावावर. "टिकट मांगतलं का जो खिडकीबाहेर पाह्यते, थो बिनटिकट असते," ते म्हणायचे. "ह्या भावानं इन्स्पेक्टरले एकदा तरी डोया दिला काय?"

जाऊबाईंचा संशय डॉक्टरवर. कारण विचारलं तर म्हणाल्या, "थो कोनाच्याई घरचा चहा अर्धा टाकते." यापलीकडे त्यांनी शेवटपर्यंत काही पुरावा दिला नाही. आम्ही त्यांना हसलो.

माझा संशय दुसऱ्या बायकोवर. नवऱ्याच्या तेरवीला तिच्या साडीची इस्त्री मोडलेली नव्हती. ज्या घरात तेरवीचा स्वयंपाक असतो त्या घरातल्या बाईची साडी तशी राहूच शकत नाही, हे मी आजही म्हणेन.

घरधनी पहिले काही दिवस नुसते ऐकायचे. सगळ्यांचे पत्ते पडल्याशिवाय आपला पत्ता टाकायचा नाही ही त्यांची जुनी सवय. मग एका संध्याकाळी त्यांनी घसा साफ केला.

"काखेत कयसा अन् गावाले वयसा," ते म्हणाले. म्हण त्यांनी काढली, मी नाही. "खुनी रातभर कापसात बसला होता, हे इन्स्पेक्टर सोता म्हनते. मंग पाहाचं काय? खाजवते कोन, थे पाहाचं. कापसात रात काढली अन् खाजवलं नाही, असा मानूस अजून पैदा व्हाचा हाये."

मी चहा गाळत होते. गाळणी हातातच राहिली.

कंडक्टर मान डोलवत म्हणाले, "हे बराबर हाये, भाऊ." जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. तोंड उघडणार एवढ्यात मी त्यांच्या हातात कप दिला आणि डोळ्यांनीच गप्प बसवलं.

तेव्हाच बोलता आलं असतं. पण मी या घरात उगाच म्हातारी झालेले नाही. माणूस एकदा काही बोलला तर 'तसं नाही म्हटलं मी' म्हणून निसटतो. तेच दहादा बोलला, चारचौघांत बोलला, की ते त्याचं मत होतं. आणि आपल्या मताला आमच्या घरधन्यांनी आजवर पाठ दाखवलेली नाही. म्हणून मी ठरवलं की या मताला खतपाणी घालायचं.

खरं तर मला माहीत होतं की हा तर्क चालायचा नाही. मालिकेतला कापूस पाहिला की कळायचं. पांढराशुभ्र, त्यात ना वाळलेला पाला ना किडक्या बोंडाची कवडी, जणू मेडिकलच्या दुकानातून आणून पसरलेला. जाऊबाई म्हणाल्याच होत्या, "हा कापूस पऱ्हाटीले लागलाच नाही वं." ज्यांनी तो तिथे पसरला त्यांना कापूस चावतो हे कुठून कळावं? पण मला खुनी पकडायचाच नव्हता. मला नात परत पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी मी भोळेपणानं विचारलं, "पन एका रातीत इतकं होते काय?"

"एका रातीत? घटकाभरात होते."

त्याच्या पुढच्या दिवशी म्हटलं, "मोठ्या मानसाची कातडी निबर असते. त्याले कायची खाज?"

"मोठ्याले बी होते," हे म्हणाले. "लहान्याले जास्ती, मोठ्याले कमी, पन होते."

लहान्याला जास्ती. आपल्या तोंडानं म्हणाले आणि भुईमुगाच्या शेंगा सोलत राहिले. मला राग आला, पण मी 'हो काय?' म्हणून उठले आणि आत जाऊन पाणी प्यायले.

सून तिकडे माहेरी हीच मालिका पाहायची. मधली जाहिरात लागली की तिचा फोन यायचा. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून आवाज मोठा करायचे, म्हणजे सगळ्यांना ऐकू यायचं. खरं तर नातीची बडबड ऐकू यावी म्हणून. घरधनी सुनेशी तावातावानं वाद घालायचे. ती घरात होती तेव्हा टीव्हीवर काहीही लागलेलं असो, दाराशी पोरीला मांडीवर घेऊन बसायची आणि त्यांचा एकेक मुद्दा खोडायची. असा तोडीस तोड माणूस त्यांना आमच्यात मिळत नव्हता. फोनवर ती 'मामाजी, पन' म्हणाली की यांचा चेहरा उजळायचा. कापसाचं नाव दोघंही काढत नसत. खोलीतल्या कापसाचं, म्हणजे. गोदामातल्या कापसावर तर रोज खल चालायचा. त्यात तिचं म्हणणं एकच असायचं, की खाजवण्यावरून कोणी खुनी ठरत नाही. मला वाटायचं, हिला माझा डाव कळत कसा नाही?

मग तो भाग आला. इन्स्पेक्टर मुनीमजींची जबानी घेत होता. मुनीमजी बोलता बोलता थांबले, त्यांनी सदऱ्याच्या कॉलरमध्ये बोटं घातली आणि मान खाजवली. चांगली दोन-तीनदा.

घरधनी ताडकन उठले. "पाह्यलं?" ते म्हणाले. इतकंच. मग कंडक्टरांकडे वळून पुन्हा म्हणाले, "पाह्यलं?"

कंडक्टरांनी हात जोडले. "भाऊ, मानलं तुमाले."

जाहिरात लागली आणि फोन आला. त्या दिवशी यांनी तो माझ्या हातात येऊच दिला नाही. स्वतः उचलला, स्वतःच डब्याला टेकवला. "काय वं बाई, पाह्यलं काय? मुनीम खाजवून राह्यला."

"पाह्यलं, मामाजी," सून म्हणाली. मागून नात काहीतरी आपटत होती. "पन त्याले उष्णता झाली असन."

"उष्णता?" यांचा आवाज चढला. "उष्णता कायची? उष्णतेनं असं मानेलेच खाजवते काय? कापूस हाये थो, कापूस. पहिले मान धरते, मंग कोपर, मंग पोट. मी जलमभर पाहून राह्यलो. कोन्या डॉक्टरले इचार."

पलीकडचं आपटणं तिनं थांबवलं. मग ती म्हणाली, "आपल्या पोरीचं बी तसंच झालं होतं, मामाजी. पहिले मान, मंग कोपर."

तिनं ते हळू म्हटलं. त्यात टोमणा नव्हता. मी इतके दिवस जे भाषण तयार करून ठेवलं होतं, त्यात सासऱ्यांची होळी होती, डॉक्टरचं म्हणणं होतं, माझं सगळ्या आयुष्याचं खाजवणं होतं. त्यातला एक शब्दही मला काढावा लागला नाही. आणि डाव कळला नव्हता तो तिला नाही, मला. त्या डावात ती माझ्याआधीच येऊन बसली होती.

टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती. घरधन्यांनी फोनकडे पाहिलं, मग कापसाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. नातीनं पलीकडून 'बा' केलं. ती सगळ्यांनाच बा म्हणायची, पण यांनी फोन उचलून माझ्या हातात दिला आणि गायीला पेंड टाकायला म्हणून मागच्या अंगणात गेले. गायीला पेंड संध्याकाळीच टाकलेली होती.

भाग संपायचा होता, तरी कंडक्टर उठले. "येतो, वहिनी," म्हणाले आणि खुर्ची जागेवर ठेवून गेले. अशा वेळी कधी उठावं हे त्या माणसाला कळतं, आणि ते मी आजही विसरले नाही.

रात्री जेवायला बसलो. वरणात त्या दिवशी मीठ बरोबर होतं.

सकाळी चहा घेताना यांनी खेडा खरेदीवाल्याला फोन लावला. गावोगाव फिरून घरातून कापूस उचलणारा तो व्यापारी दोन्ही कानांनी ऐकूनही विश्वास ठेवीना. "होयीच्या आधी? तुमी?" असं तो विचारत असणार, कारण हे म्हणाले, "भाव बरा हाये म्हनून." भाव कालचाच होता. मी चहात साखर हलवत बसले.

मेटॅडोर आली, काटा लागला, खोली रिकामी झाली. फोटोतली मी हळूहळू वर आले, साडीच्या निऱ्यांपर्यंत दिसायला लागले. शेवटचा कापूस यांनी स्वतः आत उतरून खराट्यानं गोळा केला. बाहेर आले तेव्हा मान खाजवत होते. हमाल बघत होते, जाऊबाई बघत होत्या, मीही बघत होते. मग खोलीत कडुनिंबाची धुरी दिली, भिंतींना चुना मारला, गाद्या उन्हात टाकल्या. पारावर यांना कोणीतरी विचारलंच, की घराण्याची रीत मोडली काय? हे म्हणाले, "खोली पाह्यजे होती." ते काही खोटं नव्हतं.

सून आली तो दिवस नेमका मालिकेच्या शेवटच्या भागाचा होता. घरधनी फाट्यावर आणायला गेले. ते कधी कोणाला आणायला जात नाहीत, मलासुद्धा लग्नानंतर एकदाच आणायला आले होते. सून बसमधून उतरली तेव्हा त्यांनी पोरीला घ्यायला हात पुढे केले, तर तिनं त्यांना ओळखलंच नाही. आईच्या मानेत तोंड खुपसून रडली. सुनेनं मला हे नंतर सांगितलं. म्हणाली, "मामाजी घरापर्यंत पिशवी घेऊन मांगंमांगं चालत आले." मला वाईट वाटलं. इतक्या दिवसांचा माझा राग त्या एका वाक्यानं उतरला.

दुपारभर हे नव्या चुन्याच्या खोलीत जमिनीवर बसून राहिले. तिला बोलावलं नाही, उचललं नाही. नुसता आपला चष्मा काढून फरशीवर पुढे सरकवला. पोरगी लांबून पाहत राहिली. मग रांगत आली, चष्मा उचलला, तोंडात घातला. मग गुडघ्यावर चढली. संध्याकाळपर्यंत तिनं त्यांच्या कानाची, नाकाची आणि बनियनची पूर्ण तपासणी केली होती. मानेवर तिच्या आता काही नव्हतं.

टीव्ही परत खोलीत आला होता. चपला दाराबाहेर काढून सगळे आत बसले. कंडक्टर, जाऊबाई, मुलगा, सून दाराशी तिच्या जुन्या जागेवर. हे दिवाणावर. मालिका सुरू व्हायच्या आधीच नात त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगायला लागली. नाव लागलं, संगीत वाजलं, पोरगी दचकली आणि तिनं ओठ बाहेर काढले.

घरधन्यांनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

हाच माणूस आठवडेच्या आठवडे कोणी खोकलं तरी 'शूः' करायचा. आता पडद्यावर सगळे नुसतेच ओठ हलवत होते. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना गोदामात गोळा केलं. एकेकासमोर उभा राहून बोट दाखवून काहीतरी बोलत होता. दुसरी बायको रडली. धाकट्या भावानं कपाळावर हात मारला. मुनीमजी खाली बसले. कोणाला काही ऐकू येत नव्हतं आणि कोणी आवाज वाढवा म्हणालं नाही. मग शिपाई पुढे आला आणि बेड्या पडल्या त्या डॉक्टरच्या हातात.

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "चहा अर्धा टाकत होता." आणि पदर सारखा करून बसल्या.

डॉक्टरनं का मारलं, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. मोबाईलवर पुन्हा पाहता येतं म्हणे. आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही.

कंडक्टर मात्र अस्वस्थ होते. इतके दिवस त्यांनी यांच्या तर्काला मान डोलावली होती. ते पुढे वाकले आणि त्यांनी कुजबुजत विचारलं, "पन भाऊ, मुनीम जर खुनी नव्हता, त मंग त्यानं मान काहून खाजवली?"

सुनेनं वर पाहिलं. मीही पाहिलं. नात गाढ झोपली होती आणि तिच्या लाळेनं यांचा खांदा ओला झाला होता. घरधन्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं.

"उष्णता असन," ते म्हणाले.